लिनक्सवर बनवलेली एक्सई सुरूच होत नाही, झाली तर डीबगर नुसती प्रश्नचिन्हं दाखवतो

लक्षण ओळखीचं आहे. लिनक्सवर मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४ (विंडोजच्या एक्सई बनवणारा कंपायलर) टाकलं, सी++ चा प्रोग्रॅम एकाही वॉर्निंगशिवाय कंपाइल झाला, एक्सई तयार झाली. वाईनमध्ये (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) चालवायला गेलं तर काहीच होत नाही, प्रॉम्प्ट मुकाट्याने परत येतो. विंडोजवर नेली तर अमुक डीएलएल (प्रोग्रॅमला चालताना लागणारी वेगळी लायब्ररी फाईल) सापडत नाही अशी खिडकी येते, कधी तीही येत नाही. मग कोणीतरी कंपायलरला द्यायचा एक फ्लॅग सुचवतं, तो घातला की चालतं, आणि नवी लायब्ररी जोडली की तेच रडगाणं पुन्हा सुरू.

हा त्रास पुन्हा पुन्हा होतो कारण आपण फ्लॅग आधी बदलतो आणि फाईल नंतर बघतो, बहुतेकदा बघतच नाही. एक्सई कुठल्या आर्किटेक्चरची आहे, तिला कुठल्या डीएलएल हव्यात, तिच्यात डीबगची माहिती आहे की नाही, हे सगळं तिच्यातच लिहिलेलं असतं. ते वाचायला मिनिटसुद्धा लागत नाही. खालचं सगळं त्याच क्रमाने आहे.

(कमांड आणि फ्लॅग इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये ते नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच टाका.)

आधी फाईल बघा

पहिली कमांड साधी ‘फाईल’. उत्तरात ‘पीई३२+’ आलं तर एक्सई ६४ बिटची, नुसतं ‘पीई३२’ आलं तर ३२ बिटची. मिंगडब्ल्यूच्या कंपायलरची नावं इथे गोंधळ घालतात: ‘एक्स८६_६४-डब्ल्यू६४-मिंगडब्ल्यू३२-जीसीसी’ हा ६४ बिटचा आणि ‘आय६८६-डब्ल्यू६४-मिंगडब्ल्यू३२-जीसीसी’ हा ३२ बिटचा. शेवटचा ३२ दोन्हीत आहे आणि मधला ६४ पण दोन्हीत आहे, त्यामुळे ते दोन्ही सोडून फक्त सुरुवात वाचायची. ‘फाईल’च्या उत्तरात ‘कन्सोल’ की ‘जीयूआय’ हेही असतं. ‘-एमविंडोज’ देऊन लिंक केलेला प्रोग्रॅम विंडोजवर स्वतःचा कन्सोल उघडत नाही, तेव्हा प्रिंटएफचं काही दिसत नाही म्हणून प्रोग्रॅम चाललाच नाही असं समजू नका.

दुसरी कमांड महत्त्वाची. क्रॉस टूलचेनमधला (लिनक्सवर बसून विंडोजसाठी बांधणाऱ्या कंपायलर-लिंकरच्या संचातला) ऑब्जडम्प, म्हणजे फाईलच्या आत काय आहे ते दाखवणारा प्रोग्रॅम, ‘-पी’ देऊन एक्सईवर चालवा आणि त्यातून ‘डीएलएल नेम’ असलेल्या ओळी ग्रेप करा, म्हणजे गाळून काढा. ‘कर्नल३२’, ‘एमएसव्हीसीआरटी’, ‘यूझर३२’ ही विंडोजची स्वतःची मंडळी, वाईनही ती पुरवतं. त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. पण यादीत ‘लिबजीसीसी_एस_सेह-१’, ‘लिबएसटीडीसी++-६’ किंवा ‘लिबविनपीथ्रेड-१’ दिसली की चोर सापडला. या तिन्ही टूलचेनच्या रनटाइमच्या, म्हणजे प्रोग्रॅम चालताना लागणाऱ्या तयार कोडच्या, फाइली आहेत. विंडोजवर त्या नसतात, वाईनमध्येही नसतात. प्रत्येक एक्सईबरोबर त्या आपल्यालाच पाठवाव्या लागतात.

ऑब्जडम्प फक्त थेट गरजा दाखवतो. लिबएसटीडीसी++ ची डीएलएल स्वतः आणखी दोघींवर अवलंबून असू शकते, म्हणून एक ठेवली की प्रोग्रॅम दुसरी मागतो, ती दिली की तिसरी. प्रत्येक डीएलएलवरही ऑब्जडम्प चालवा, म्हणजे हे एकेक करून मागणं थांबेल.

मुकाट मरण आणि त्याचे कोड

वाईनने काहीच सांगितलं नाही असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा त्याने सांगितलेलं असतं, पण ‘वाईनडीबग’ हे व्हेरिएबल ‘-ऑल’ करून ठेवल्यामुळे ते गिळलं गेलेलं असतं. नेटवर सापडलेल्या रन-स्क्रिप्टमध्ये ही ओळ हमखास असते. ती काढा. मग ‘एरर, मॉड्यूल, इम्पोर्ट डीएलएल’ अशा सुरुवातीची ओळ दिसेल: अमुक लायब्ररी, जी तमुक एक्सईला हवी आहे, ती सापडली नाही. त्याच्या खाली स्टेटस ‘सी००००१३५’.

चार कोड लक्षात ठेवण्यासारखे आहेत. सी००००१३५ म्हणजे डीएलएल सापडली नाही. सी००००१३९ म्हणजे डीएलएल सापडली, पण हवं ते फंक्शन तिच्यात नाही. सी०००००७बी म्हणजे ३२ आणि ६४ बिटची सरमिसळ. सी००००००५ म्हणजे ॲक्सेस व्हायोलेशन, नको त्या मेमरीला हात लावणं: प्रोग्रॅम सुरू झाला आणि मग आपटला. पहिल्या तिन्हींत तुमचं मेन सुरूसुद्धा झालेलं नसतं, त्यामुळे तिथे डीबगर उघडण्यात अर्थ नाही.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘एररलेव्हल’ बघितली तर पहिला कोड -१०७३७४१५१५ असा दिसतो, ॲक्सेस व्हायोलेशन -१०७३७४१८१९ असा. लिनक्सवर एक्झिट स्टेटस एका बाइटचाच असतो, म्हणून वाईनमधून तोच पहिला कोड कापला जाऊन ५३ होतो, कारण हेक्समधले शेवटचे ३५ म्हणजे दशमानात ५३. बिल्ड सर्व्हरच्या लॉगमध्ये टेस्ट ५३ ने फेल झालेली दिसली की आधी डीएलएलवरच संशय घ्या.

तीन उपाय, आणि त्यातला मला पटणारा

डीएलएल एक्सईच्या शेजारी कॉपी करणं हा सर्वांत सरळ उपाय. डेबियन-उबुंटूवर क्रॉस जीसीसीला ‘-प्रिंट-फाईल-नेम’ पुढे बरोबरचं चिन्ह आणि डीएलएलचं नाव दिलं की तो पूर्ण पाथ छापतो. फेडोरावर त्या ‘सिस-रूट’च्या आतल्या मिंगडब्ल्यूच्या ‘बिन’ फोल्डरमध्ये असतात. एक सावधगिरी: डेबियनमध्ये त्याच टूलचेनचे ‘विन३२’ आणि ‘पॉझिक्स’ असे दोन थ्रेड-प्रकार असतात आणि दोघांची फोल्डरं वेगळी. ज्या प्रकाराने कंपाइल केलं त्याच फोल्डरमधून उचला. दुसरीकडची उचलली तर सी००००१३९ येऊ शकतो. ‘फुकट डीएलएल डाउनलोड’ छापाच्या साइटवरून तर काहीही घेऊ नका.

नुसतं वाईनमध्ये तपासायचं असेल तर कॉपीही करायला नको. ‘वाईनपाथ’ या व्हेरिएबलमध्ये ते फोल्डर दिलं की वाईन तिथेही शोधतं.

तिसरा उपाय स्टॅटिक लिंकिंग, म्हणजे लायब्ररीचा कोड एक्सईच्या आतच भरणं, आणि इथेच अर्धवट सल्ले फिरतात. ‘-स्टॅटिक-लिबजीसीसी’ आणि ‘-स्टॅटिक-लिबएसटीडीसी++’ हे दोन फ्लॅग दिले तरी पॉझिक्स प्रकारात लिबविनपीथ्रेड तशीच बाहेर राहते. लोक म्हणतात, स्टॅटिक केलं तरी डीएलएल मागतोच, ते यामुळे. सरळ ‘-स्टॅटिक’ द्या. कर्नल३२ वगैरे विंडोजच्या डीएलएल त्यानंतरही डीएलएलच राहतात, काही बिघडत नाही. एक्सई थोडी फुगते. एकट्या एक्सईच्या टूलसाठी मी दुसरं काही करतच नाही. अपवाद एकच: प्रोग्रॅमबरोबर तुमच्या स्वतःच्या डीएलएल असतील आणि एका मॉड्यूलमधून फेकलेलं एक्सेप्शन दुसऱ्यात पकडायचं असेल, तर रनटाइम सगळ्यांत मिळून एकच हवा, म्हणजे शेअर्डच, वेगळ्या डीएलएलमधला.

विंडोजवर ज्याच्या-त्याच्या मशीनवर वेगळं वागतंय अशी तक्रार आली तर तिथला पाथ (विंडोज ज्या फोल्डरांत शोधतं त्यांची यादी) बघा. दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरने स्वतःची जुनी लिबएसटीडीसी++ पाथमध्ये टाकलेली असते आणि तुमची एक्सई तीच उचलते. एक्सईच्या स्वतःच्या फोल्डरला पाथच्या आधी मान मिळतो, त्यामुळे शेजारी कॉपी ठेवली की हा घोळ मिटतो.

लिंकर कुरकुरतो तेव्हा

हे पटापट. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ आणि नावाच्या आधी ‘__इम्प_’ दिसलं, जसं डब्ल्यूएसए-स्टार्टअपला, की विंडोजची इम्पोर्ट लायब्ररी जोडायची राहिली आहे किंवा ती ऑब्जेक्ट फायलींच्या आधी लिहिली आहे. ‘-एलडब्ल्यूएस२_३२’ कमांडच्या शेवटी हवं.

‘विनमेन’ सापडत नाही अशी एरर आली म्हणजे विनमेन लिहायला हवं असं नाही. लिंकरला साधं ‘मेन’च सापडलेलं नाही, एवढाच तिचा अर्थ. ‘डब्ल्यूमेन’ लिहिलं असेल तर ‘-एमयुनिकोड’ द्या.

‘विंडोज.एच’ मधला डब्ल्यू कॅपिटल लिहिला तर विंडोजवर चालतं, लिनक्सवर हेडर सापडत नाही, कारण मिंगडब्ल्यूच्या हेडरची नावं स्मॉलमध्ये आहेत. लायब्ररीच्या नावांचंही तेच. इन्क्लूडच्या पाथमधले उलटे स्लॅशही सुलटे करा, सुलटे दोन्हीकडे चालतात.

‘एसटीडी’मध्ये ‘थ्रेड’ किंवा ‘म्यूटेक्स’ नाही असं कंपायलर म्हणाला तर तुम्ही जुन्या जीसीसीच्या विन३२ थ्रेड-प्रकारावर आहात. जीसीसी १३ पासून त्या प्रकारालाही सी++११ चे थ्रेड मिळाले. त्याआधीच्या आवृत्तीत पॉझिक्स प्रकार निवडा. डेबियनवर ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज’ने तो बदलता येतो. बदलल्यावर बिल्ड फोल्डर पुसून नव्याने सुरुवात करा, अर्धे ऑब्जेक्ट एका प्रकाराचे आणि अर्धे दुसऱ्याचे हे प्रकरण फार वाईट जातं.

लिनक्सच्या लायब्ररी घुसल्या

एररच्या मजकुरात ‘/यूएसआर/इन्क्लूड’च्या खालच्या हेडरचा पाथ दिसला की पुढचं वाचू नका. विंडोजच्या बिल्डमध्ये लिनक्सची हेडर घुसली आहेत, आणि त्यापुढच्या शेकडो एरर त्याचंच पिल्लू आहेत.

सीमेकमध्ये (बिल्डची मांडणी करणारं टूल) उपाय टूलचेन फाईल: सिस्टीमचं नाव विंडोज, कंपायलरची नावं, ‘फाइंड रूट पाथ’ क्रॉस टूलचेनच्या रूटवर, आणि शोधण्याचे मोड प्रोग्रॅमसाठी ‘नेव्हर’, लायब्ररी आणि इन्क्लूडसाठी ‘ओन्ली’. ही फाईल पहिल्याच कॉन्फिगरला द्यावी लागते. आधीच कॉन्फिगर झालेल्या फोल्डरमध्ये नंतर दिली तर सीमेक जुन्या कॅशमधला कंपायलरच वापरत राहतो. पीकेजी-कॉन्फिगच्या (लायब्ररी कुठे आहेत ते सांगणारं टूल) बाबतीत लोक ‘पीकेजी_कॉन्फिग_पाथ’ बदलतात. तो फक्त यादीत भर घालतो, लिनक्सचे पाथ तसेच राहतात. ‘पीकेजी_कॉन्फिग_लिबडीआयआर’ बदला, तो मूळ यादीच बदलतो.

ऑटोटूल्सवाल्यांसाठी, म्हणजे कॉन्फिगर स्क्रिप्टने बिल्ड करणाऱ्यांसाठी, एक गमतीशीर सापळा. लिनक्सवर ‘बिनएफएमटी’ची सोय (परक्या प्रकारची फाईल योग्य प्रोग्रॅमकडे आपोआप सोपवणारी) वाईनसाठी चालू असेल तर एक्सई थेट चालते. कॉन्फिगर स्क्रिप्ट चाचणीची एक्सई चालवून बघते, ती चालते, आणि स्क्रिप्ट ठरवते की आपण क्रॉस-कंपाइल करतच नाही आहोत. ‘--होस्ट’ बरोबर ‘--बिल्ड’ही स्पष्ट द्या, म्हणजे तिला असा अंदाज बांधावा लागत नाही.

डीबगर प्रश्नचिन्हं का दाखवतो

आता दुसरा अर्धा त्रास. प्रोग्रॅम सुरू होतो, मध्येच आपटतो. नेहमीच्या सवयीने आपण लिनक्सचा जीडीबी हा डीबगर ‘वाईन’ या प्रोग्रॅमवर लावतो. बॅकट्रेस (कुठलं फंक्शन कुठून बोलावलं गेलं त्याची यादी) मागितला की ओळीमागून ओळ दोन-दोन प्रश्नचिन्हं. जीडीबी बिचारा बरोबरच आहे: त्याच्या दृष्टीने चाललेला प्रोग्रॅम वाईन आहे, एक ईएलएफ, म्हणजे लिनक्सच्या साच्यातली फाईल. तुमची पीई फाईल, म्हणजे विंडोजच्या साच्यातली, वाईनने स्वतः मेमरीत उतरवली, त्याची जीडीबीला खबरच नाही.

पहिला मार्ग ‘वाईनडीबीजी’. हा वाईनचा स्वतःचा डीबगर, पीई मॉड्यूल त्याला दिसतात आणि जीसीसीची ड्वार्फ माहितीही (डीबग माहितीचा एक साचा) तो वाचतो. त्यात ‘इन्फो शेअर’ टाका. प्रत्येक मॉड्यूलचा पत्ता येतो आणि शेजारी डीबग माहितीचा प्रकार. तुमच्या एक्सईसमोर ‘ड्वार्फ’ असेल तर सगळं ठीक. ‘डिफर्ड’ असेल तर अजून वाचलेली नाही, बॅकट्रेस मागितला की वाचेल. ‘एक्सपोर्ट’ असेल तर फाईलमध्ये डीबग माहिती नाहीच: ‘-जी’ दिलेलं नाही, किंवा लिंक करताना ‘-एस’ राहून गेलंय, किंवा इन्स्टॉलच्या पायरीने स्ट्रिप केलंय, म्हणजे ती माहिती काढून टाकलीय. सीमेकच्या रिलीज बिल्डमध्ये ‘-जी’ नसतं, हे तर कित्येकदा कारण निघतं.

वाईनडीबीजीची कमांड-भाषा तोकडी आहे. सवयीचा जीडीबीच हवा असेल तर दुसरा मार्ग: वाईनडीबीजीला ‘--जीडीबी’ द्या, तो मध्यस्थ बनून जीडीबीला जोडून देतो.

तिसरा मार्ग, आणि मला सगळ्यांत भरवशाचा वाटणारा: विंडोजचा जीडीबीसर्व्हर. डेबियनमध्ये ‘जीडीबी-मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४-टार्गेट’ पॅकेजमध्ये त्याची एक्सई येते. ती वाईनमध्ये चालवा, पोर्ट आणि तुमच्या प्रोग्रॅमचं नाव द्या. दुसऱ्या टर्मिनलमध्ये क्रॉस जीडीबी, म्हणजे मिंगडब्ल्यूचा उपसर्ग असलेला, तुमच्या एक्सईवर उघडा आणि ‘टार्गेट रिमोट’ने त्याच पोर्टला जोडा. याचा खरा फायदा असा की तोच जीडीबीसर्व्हर खऱ्या विंडोज मशीनवर ठेवला तरी तुमच्या बाजूचं काही बदलत नाही, सोर्स आणि सिम्बॉल (पत्ता कुठल्या फंक्शनचा आणि ओळीचा ते सांगणारी माहिती) लिनक्सवरच राहतात. तिकडे चालणारी प्रत स्ट्रिप केलेली असली तरी चालते, फक्त जीडीबीला इकडे दिलेली प्रत त्याच बिल्डची आणि ‘-जी’वाली हवी. बिल्ड कंटेनरमध्ये झाली असेल तर सोर्सचे पाथ जुळत नाहीत. तिथे ‘सेट सबस्टिट्यूट-पाथ’.

डीबगसाठी ऑप्टिमायझेशनची पातळी ‘-ओ२’ सोडून ‘-ओजी’ घ्या. ३२ बिटला ‘-एफनो-ओमिट-फ्रेम-पॉइंटर’ही घाला, नाहीतर पहिल्या दोन फ्रेमनंतर स्टॅक भलतीकडे भरकटतो.

हातात फक्त एक पत्ता असेल तर

कोणीतरी विंडोजवरून एवढंच कळवलं: ७११५८४ या पत्त्यावर क्रॅश. ‘ॲडर-टू-लाइन’ला (पत्त्यावरून सोर्सची ओळ सांगणारी कमांड) तोच पत्ता दिला तर प्रश्नचिन्हं येतात आणि लोक समजतात सिम्बॉल गेले. सिम्बॉल जागेवर आहेत, पत्ता हललाय. हल्लीचा लिंकर एक्सईवर एएसएलआरची (मेमरीतली जागा मुद्दाम बदलत ठेवण्याची) खूण न मागता लावतो, त्यामुळे ती दर वेळी वेगळ्या जागी उतरू शकते.

हिशोब असा, सगळे आकडे हेक्समध्ये. क्रॅशच्या वेळी मॉड्यूल ७१०००० वर होतं, हे रिपोर्टमध्ये किंवा इन्फो शेअरमध्ये मिळतं. ७११५८४ वजा ७१००००, उरले १५८४. ऑब्जडम्प ‘-पी’मधल्या ‘इमेजबेस’ ओळीत ४००००० आहे. त्यात १५८४ मिळवले, झाले ४०१५८४. हा पत्ता ॲडर-टू-लाइनला द्या, फाईल आणि ओळ येईल. ३२ बिटच्या एक्सईचा बेस सहसा ४००००० असतो, ६४ बिटचा १४०००००००.

हा ६४ बिटचा बेस चार जीबीच्या वर आहे, आणि त्याचा एक दुष्परिणाम जाणून घेण्यासारखा आहे. ६४ बिट विंडोजवर ‘लाँग’ ३२ बिटचाच असतो, लिनक्सवर ६४ चा. पॉइंटर लाँगमध्ये ठेवून परत काढणारा जुना सी कोड लिनक्सवर वर्षानुवर्षं निमूट चालतो आणि विंडोजवर वरचा अर्धा पत्ता गमावून पहिल्याच वापरात आपटतो. बॅकट्रेसमध्ये पॉइंटर आखूड, आठ आकड्यांच्या आतला दिसला की हेच शोधा आणि तिथे ‘यूइंटपीटीआर_टी’ घाला. सी++ मध्ये कंपायलर इथे थेट एरर देतो. सी मध्ये बऱ्याचदा नुसती वॉर्निंग येते, आणि ती लोक बंद करून ठेवतात.

प्रिंटएफवर किती विश्वास ठेवायचा

डीबगरचा कंटाळा करून प्रिंटएफ घालत सुटणाऱ्यांसाठी: विंडोजच्या सी रनटाइममध्ये ओळीगणिक बफर रिकामं करण्याचा प्रकारच नाही. तो मागितला तरी पूर्ण बफरिंग मिळतं. आउटपुट पाइपमध्ये किंवा फाइलमध्ये जात असेल आणि प्रोग्रॅम आपटला, तर शेवटच्या कित्येक ओळी बफरसकट बुडतात. मग क्रॅश खऱ्या जागेच्या बराच आधी झाला असं दिसतं आणि आपण भलत्याच फंक्शनमध्ये शोधत बसतो. मेनच्या सुरुवातीला ‘सेटव्हीबफ’ने बफरिंग बंद करा, किंवा एसटीडी-एररवर लिहा.

‘%झेडयू’च्या जागी आकड्याऐवजी ‘झेडयू’ ही अक्षरंच छापली जात असतील तर कोड बरोबर आहे, जुनं एमएसव्हीसीआरटी, म्हणजे विंडोजचा जुना सी रनटाइम, ते ओळखत नाही. ‘__यूझ_मिंगडब्ल्यू_एएनएसआय_एसटीडीआयओ’ १ ला डिफाइन करा, किंवा यूसीआरटीवर, म्हणजे नव्या सी रनटाइमवर, बांधलेली टूलचेन घ्या.

विंडोजवाल्याला सिम्बॉल द्यायचे असतील तर

तिकडचा सहकारी विनडीबीजी किंवा व्हिज्युअल स्टुडिओ वापरत असेल तर जीसीसीची ड्वार्फ माहिती सहसा त्याच्या कामाची नाही, त्याला पीडीबी (मायक्रोसॉफ्टच्या साच्यातली डीबग माहितीची फाईल) लागते. यासाठी मी क्लँग या दुसऱ्या कंपायलरकडे जातो: कंपाइल करताना ‘-जी’ बरोबर ‘-जीकोडव्ह्यू’, लिंकर एलएलडी, आणि त्याला पीडीबी फाईल लिहायला सांगणारा पर्याय. एलएलव्हीएम-मिंगडब्ल्यू या तयार टूलचेनमध्ये हे सगळं एकत्र मिळतं. तिचा सी++ रनटाइम वेगळा असतो, ‘लिबसी++’, त्यामुळे जीसीसीने बांधलेल्या सी++ लायब्ररी तिच्यात मिसळू नका. सगळं त्याच टूलचेनने पुन्हा बांधा, आणि ऑब्जडम्पची ती पहिली यादी नव्या एक्सईवरही चालवा, कारण आता शेजारी ठेवायच्या डीएलएलची नावं बदललेली असतील.